आमटीत तरंगलेला सोन्याचा नेचा (चिनीमातीवर उरुशी: प्रयोग, फजिती, प्रश्न)

वाटीवाली

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे वाचनमात्र आहे, धागा पहिलाच, सांभाळून घ्या.

मी नागोयात राहते. गेलं दीड वर्ष दर शनिवारी दुपारी उरुशीच्या क्लासला जाते. उरुशी म्हणजे जपानी रोगण, एका झाडाच्या चिकाचं. काळ्या-लाल चकचकीत सूपच्या वाट्या आणि त्यावर सोन्याची नक्षी, फोटोत तरी सगळ्यांनी पाहिलं असेल. त्या वाट्या आतून लाकडाच्या असतात. क्लासात पण सगळे लाकडावरच करतात, पण मला पहिल्यापासून मातीच्या भांड्यांचं वेड, त्यात सेतो गाव इथून जवळच, आणि सेतो म्हणजे काय तर जपानीत चिनीमातीच्या भांड्यांना सरसकट सेतोमोनोच म्हणतात, आपण वनस्पती तुपाला डालडा म्हणायचो तसं. तर तिथून एक पांढरीशुभ्र ग्लेझवाली (वरून काचेसारखा लेप असलेली) वाटी आणली आणि सेन्सेईबाईंना, म्हणजे आमच्या शिकवणाऱ्या बाईंना, विचारलं की हिच्या आत नेच्याचं पान काढू का, सोन्यात. बाई म्हणाल्या, थोडं कठीण आहे. जपानीत 'थोडं कठीण आहे' म्हणजे 'नको', हे मला चांगलं माहीत आहे, पण हातात वाटी असली की माणूस विसरतो.

काढलं. दोन आठवडे सुकवलं. इतकं देखणं झालं की मी चार ग्रुपांवर फोटो टाकले. मग एका रविवारी त्याच वाटीत चिंचगुळाची आमटी घेतली, कढत. तिसऱ्या-चौथ्या चमच्याला काहीतरी पान वर आलं, मला वाटलं कढीपत्ता, बाजूला काढायला गेले तर सोनेरी. अख्खा नेचा वाटी सोडून आमटीवर तरंगत होता, न मोडता, साईसारखा.

आता प्रश्न. हे का सुटलं याचं कोणी नीट कारण सांगेल का? आणि भारतात कोणी हे करून पाहिलंय का, विशेषतः पावसाळ्यात?

चितारआळीकर

ताई, नेचा वाचून चहा सांडला :) आमच्या सावंतवाडीला लाखकाम आहे, गंजिफा आहेत, तेच ना हे? लाख गरम करून चढवायची, केवड्याच्या पानानं घासायची. मग सुटायचं कारण काय, परत गरम करून बसवा की.

वाटीवाली

@चितारआळीकर, नाही हो दादा, माझाही सुरुवातीला हाच गोंधळ होता. आपली लाख किड्याची. फांदीवर किडे बसतात, त्यांचं राळेसारखं कवच, ते तापवलं की वितळतं, गार झालं की घट्ट, परत तापवलं की परत वितळतं. उरुशी चीक आहे. एकदा घट्ट झाली की संपलं, वितळत नाही, स्पिरिटमध्ये विरघळत नाही, आम्लानं पण सहसा काही होत नाही (म्हणजे चिंचेचा दोष नाही, मी आधी चिंचेलाच बोल लावला होता). गंमत म्हणजे इंग्रजीतला लॅकर हा शब्द मात्र आपल्या लाखेवरूनच पोर्तुगीजांच्या तोंडून फिरत तिकडे गेला, म्हणून नावाचा सगळा घोळ.

बिब्बा_उतला

चीक म्हणालात म्हणून विचारतो, हे झाड बिब्ब्याच्या जातीतलं तर नाही? कारण उरुशीनं अंगावर फोड येतात असं कुठेतरी वाचलंय आणि माझा आयडी उगाच नाहीये.

वाटीवाली

बरोबर ओळखलंत! आंबा, काजू, बिब्बा आणि उरुशी, सगळे एकाच कुळातले. पूर्वी धोबी बिब्ब्यानं कपड्यावर खुणा करायचे, ती खूण धुवून जात नाही, तसाच हा चीक. आंब्याच्या देठाचा चीक ओठाला लागून ज्यांचं तोंड उतायचं त्यांनी इकडे फिरकताना दहादा विचार करा. माझं तर लहानपण देवगडला गेलेलं, दर मे महिन्यात ओठ सुजलेले, तरी मी हातमोजे न घालता पहिल्या दिवशी ब्रश धुतला. त्या दिवशी काही नाही, दुसऱ्या दिवशी काही नाही, मला वाटलं आपण पचवलं. तिसऱ्या दिवशी ऑफिसात मनगटावर खाज, संध्याकाळी कोपरापर्यंत पुरळ, नंतर पापण्या. चांगले पंधरा दिवस गेले. जपानीत याला काबुरे म्हणतात आणि क्लासातल्या बायकांनी ऐकून चक्क अभिनंदन केलं, आता तू आमच्यातली झालीस म्हणून. मला ते अभिनंदन नको होतं.

नायट्राइलचे हातमोजे, पूर्ण बाह्या, आणि कातडीला लागलंच तर आधी गोडंतेल चोळून पुसायचं, मग साबण. थेट पाणी नाही.

बिब्बा_उतला

आमची आजी बिब्बा उतला की तीळ-खोबरं वाटून लावायची. पण पापण्यांपर्यंत गेलं असेल तर खोबरं बाजूला ठेवा आणि डॉक्टरकडे जा.

रसायनवाला

मूळ प्रश्नाकडे येतो, कारण धागा आता आजीच्या बटव्याकडे निघालाय.

उरुशी 'सुकते' हा शब्दच चुकीचा आहे. पेंट सुकतो तसं त्यातलं काही उडून जायची वाट बघायची नसते. कच्च्या चिकात साठ-पासष्ट टक्के उरुशिओल, वीस-तीस टक्के पाणी, थोडा डिंक आणि अगदी किंचित लॅकेज नावाचं एन्झाइम. हे लॅकेज हवेतला ऑक्सिजन घेऊन उरुशिओलचे रेणू एकमेकांत गुंफतं, आणि त्याला काम करायला दमट हवा लागते. म्हणून कोरड्या हवेत उरुशी आठवडाभर चिकटच राहील आणि दमट कपाटात रात्रीत घट्ट होईल. आपण वाळवण उन्हात टाकणारी माणसं, आपल्याला हे उलटं वाटतं.

आता सुटलं का? ग्लेझ म्हणजे काच. लाकडात, कापडात, कच्च्या मातीत चीक आत शिरतो आणि आतच घट्ट होतो, मुळं धरल्यासारखा. काचेवर त्याला शिरायला जागाच नाही. नुसता वर बसलेला. त्यात गरम आमटी, काच वेगळी फुगणार, रोगण वेगळं फुगणार, कडेनं पाणी आत जाणार, की निघालं पान फिरायला. तुमची नक्षी मजबूतच होती, म्हणून तर अख्खी निघाली. फक्त ती वाटीची नव्हती.

उपाय जुना आहे, भाजणे. शंभर अंशांच्या वर एन्झाइमची गरजच उरत नाही, उष्णतेनंच रेणू जोडले जातात आणि काचेला, धातूला पण घट्ट धरतात. जपानी चिलखतं, लोखंडी किटल्या यांच्यावर असंच करायचे. मात्र अर्धवट तापवू नका, साठ-सत्तर अंशाला धड हेही नाही आणि धड तेही नाही.

वाटीवाली

@रसायनवाला, 'फक्त ती वाटीची नव्हती' हे वाक्य मी सेन्सेईंना भाषांतर करून सांगणार आहे. त्यांनी पण शेवटी हेच करायला लावलं, फक्त कारण सांगितलं नव्हतं, इथे कारण विचारायची पद्धत नाही, बघायचं आणि करायचं.

तर दुसरा प्रयत्न, सविस्तर लिहिते, कोणाला करायचं असेल तर.

वाटी बदलली. याकीशिमे घेतली, म्हणजे ग्लेझ न लावता उंच तापमानाला भाजलेली, करड्या रंगाची, हाताला बारीक पॉलिश पेपरसारखी लागते. आधी पाण्यात उकळून धूळ-तेल घालवलं, दोन दिवस वाळवली. मग कच्ची उरुशी थोड्या टर्पेंटाइनमध्ये पातळ करून कापडाच्या बोळ्यानं आत-बाहेर चोळली आणि लगेच, अगदी जीव तोडून पुसून काढली. पुसताना वाटतं की आता काही उरलंच नाही. तेच हवं असतं. मग ओव्हन, हळूहळू वाढवत १३० च्या आसपास, दोन तास, आणि दार न उघडता तसंच गार होऊ द्यायचं. स्वयंपाकाचा ओटीजी अजिबात वापरायचा नाही, वाफेनं पण काबुरे होतो. मी जुन्या बाजारातून एक टोस्टर ओव्हन आणून बाल्कनीत ठेवलाय, शेजारच्या आजी रोज विचारतात ब्रेड कधी मिळणार. हे सगळं तीनदा. वाटी करडीची गडद तपकिरी झाली, आपल्याकडे जुन्या देवघराच्या चौकटीला असतो ना तसा रंग.

यानंतर मात्र ओव्हन बंद, पुढचं सगळं दमट कपाटात. कपाट म्हणजे मुरो, माझा मुरो हा संत्र्यांचा लाकडी खोका, खाली ओलं फडकं, आत दहा रुपयाच्या नाण्याएवढा आर्द्रतेचा काटा. पंचवीस अंश आणि सत्तर ते ऐंशी टक्के आर्द्रता. काळ्या उरुशीचे दोन थर दिले. ती काळी कशी होते तर काजळ घालून नाही, लोखंडाची पूड घातली की चिकाचा आणि लोखंडाचा संयोग होऊनच काळी होते, म्हणून ते काळं इतकं खोल दिसतं. पहिल्या काळ्या थराला मी जाड हात मारला आणि वर आर्द्रता नव्वदपर्यंत गेली होती, सकाळी उघडून बघते तर दुधावरच्या सायीला सुरकुत्या पडतात तशा सुरकुत्या! वरचं आधी आवळलं, खालचं ओलंच. कोळशानं घासून सगळं परत. (घासायला खास मऊ कोळसा असतो, पाण्याबरोबर. साधा शेगडीचा घेऊ नका, ओरखडे पडतात.)

आता माकीए. शब्दाचा अर्थच 'भुरभुरलेलं चित्र'. म्हणजे सोन्यानं चित्र काढत नाहीत. चित्र उरुशीनं काढायचं, गेरूसारखी लाल पूड मिसळलेली उरुशी, उंदराच्या केसांचा ब्रश, खरंच उंदराच्या, आणि थर इतका पातळ की तिरप्या उजेडातच दिसावा. मग थांबायचं. किती वेळ ते घड्याळात नसतं. बाई वाटी तोंडाजवळ नेऊन आरशावर करतो तसं 'हा' करतात आणि रेषेवर निळसर वाफ धरली की म्हणतात, आता. मी पाच मिनिटं आधी टाकलं तर सोनं बुडून मळकट झालं, दुसऱ्यांदा वाट बघत बसले तर धरेचना. तिसऱ्या खेपेला ती निळी झाक मला दिसली, एक सेकंदभर, आणि रेशमाच्या पिंजलेल्या बोळ्यावर सोन्याची पूड घेऊन अलगद फिरवली. लाल रेषेची सोनेरी झाली. सगळं मिळून दहा मिनिटं. त्याआधीचे अडीच महिने कोणाला दिसत नाहीत.

आमटी अजून घातलेली नाही. धीर होत नाहीये.

टोचणी

एका वाटीसाठी अडीच महिने आणि पुरळ. ऑनलाइन पाचशे रुपयात किट मिळतं, इपॉक्सी आणि सोनेरी पावडर, अर्ध्या तासात काम. माझ्या बहिणीनं फुटलेला मग जोडला, मस्त दिसतो.

वाटीवाली

मस्त दिसत असेल, शंकाच नाही. पण त्या मगातून चहा पिऊ नका. एक तर ते इपॉक्सी खाण्याच्या भांड्यांसाठी असतंच असं नाही, आणि ती 'सोनेरी' बहुतेक वेळा पितळेची पूड, वर्षभरात काळवंडते. इथे जपानात पण असे झटपट पर्याय आहेत बरं का. काश्यू नावाचं रोगण मिळतं, काजूच्या टरफलाच्या तेलापासून बनवलेलं, दिसायला अगदी उरुशीसारखं, त्याला दमट कपाट लागत नाही, हवेतच वाळतं. शोभेच्या वस्तूंना चांगलं. जेवणाला नाही.

खरी उरुशी पूर्ण घट्ट झाली की खाण्याला सुरक्षित आहे, लोक हजारो वर्षं त्यात जेवतायत. आणि महाग का, तर इवाते भागात जोबोजी म्हणून आहे, जपानातली बहुतेक देशी उरुशी तिथली, तिथे दहा-पंधरा वर्षांचं झाड जूनपासून शरदापर्यंत थोडं थोडं ओरखडून चीक गोळा करतात, आणि एका झाडाचा सबंध हंगामाचा चीक किती, तर साधारण २०० मिली. एक पेला. मग झाड तोडतात, बुंध्यातून नवीन फुटवा येतो. देशाच्या गरजेतली नव्वद टक्क्यांहून जास्त उरुशी चीनमधून येते. २०१८ पासून राष्ट्रीय ठेव्यातल्या देवळांच्या दुरुस्तीला देशीच वापरायची असं सरकारनं ठरवलंय, त्यामुळे ती आमच्यासारख्या शनिवारवाल्यांना आणखी दुर्मीळ. माझी चिनीच आहे, लपवत नाही.

टोचणी

बहिणीला सांगितलं. ती म्हणते मगात पेनं ठेवलीयेत. जिंकलात.

जुनी_बरणी

छान चाललाय धागा. थोडी इतिहासाची भर. मातीच्या भांड्यांवर रोगण हा काही अलीकडचा नाद नाही, उलट लाकडाच्या बरोबरीनं जुना. उत्तर जपानात हाचिनोहेजवळ कोरेकावा म्हणून प्रागैतिहासिक जोमोन काळातली जागा आहे, तिथे लाल उरुशी लावलेली मातीची भांडी निघालीयेत, सुमारे ३००० वर्षांपूर्वीची. तेव्हा ग्लेझ नव्हतंच, त्यामुळे वाटीवालीताईंची अडचण त्यांना आली नसणार. पुढे सतराव्या शतकाच्या शेवटाला जपानातल्या आरिता गावचे कुंभार युरोपसाठी मोठे पोर्सेलिनचे बुधले बनवायचे, त्यातल्या काहींवर उरुशी आणि सोन्याचं काम असायचं, जर्मनीत द्रेस्देनच्या राजसंग्रहात आहेत.

आणि आपल्याशी धागा जोडायचा तर गोवा. १५४९ मध्ये फ्रान्सिस झेवियर गोव्याहून निघून कागोशिमाला पोचला, मागोमाग पाद्री नि व्यापारी. त्यांना जपानी सोनेरी रोगण इतकं आवडलं की चर्चसाठी पेट्या, पोथी ठेवायची घडीची स्टँडं, छोटे देव्हारे तिथे करून घ्यायला लागले. त्या कामाला नानबान म्हणतात, म्हणजे दक्षिणेकडचे रानटी, हे आपले पोर्तुगीज. त्यात शिंपल्याचं जडावकाम गच्च भरलेलं असतं, मोकळी जागा म्हणून सोडायची नाही, जपान्यांचा स्वभाव तो नव्हे, तो गुजरातच्या शिंपलेकामाचा वळसा, पोर्तुगीज जहाजांतून तिकडे पोचलेला.

पुणेरी_भट्टी

मी पुण्यात घरी छोटी इलेक्ट्रिक भट्टी चालवतो. जुलैत आमच्याकडे आर्द्रता ऐंशीच्या वर सहज, म्हणजे सगळं घरच मुरो. बिस्क केलेल्या, म्हणजे ग्लेझ न लावता एकदाच कच्च्या भाजलेल्या, वाट्या पडून आहेत पन्नासेक, त्यांच्यावर चालेल का? आणि मायक्रोवेव्ह?

वाटीवाली

मायक्रोवेव्ह नाही!! सोनं आहे हो त्यावर, ठिणग्या उडतील. डिशवॉशर नाही, रात्रभर सिंकमध्ये भिजत ठेवणं नाही, उन्हात ठेवणं नाही. उरुशीला आम्लाचं भय नाही पण ऊन सोसत नाही, निस्तेज होते.

बिस्क चालेल पण ती चीक पितच राहते, चार-पाच थर देऊनही समाधान होत नाही आणि कुठे एक जागा सुटली की आत पाणी मुरतं. स्टोनवेअर माती घेऊन पूर्ण तापमानाला भाजा, फक्त ग्लेझ लावू नका. किंवा वाटीला ग्लेझ लावताना नक्षीपुरती जागा मेण लावून कोरडी ठेवा, तुम्ही स्वतः भट्टीवाले म्हणजे तुमच्या हातात आहे, मला ते सुख नाही. आणि सगळं घर मुरो म्हणताय, पण घरात धूळ पण आहे, ओल्या उरुशीवर एक कुसळ पडलं तरी डोंगरासारखं दिसतं. खोका कराच.

पुणेरी_भट्टी

मेणाची आयड्या झकास. वाटीला बाहेरून जाईची फुलं काढायचा विचार आहे, पांढरी.

वाटीवाली

पांढरी! बसा आता. उरुशी मुळातच तपकिरी, त्यात कितीही पांढरा रंग घाला, होतो चहाचा रंग, तोही दूध कमी घातलेल्या. मी एका छोट्या वाटीवर केलीयेत जाईची फुलं, सध्या ती कटिंग चहासारखी दिसतायत. बाई म्हणतात थांब, महिन्यांनी उजळतात. पांढरं हवंच तर लावीच्या अंड्याचं कवच बारीक तुकडे करून बसवतात, चिमट्यानं एकेक. मी एक पाकळी केली, मान गेली.

बिब्बा_उतला

वाजिमाबद्दल कोणी लिहिलं नाही. १ जानेवारी २०२४ च्या नोतो भूकंपात तिथला सकाळच्या बाजाराचा भाग जळून गेला ना, उरुशीचं मोठं केंद्र ते.

वाटीवाली

हो. आमच्या सेन्सेई तरुणपणी तिथेच शिकल्या. वाजिमाची खासियत म्हणजे पायाच्या थरात घालायची भाजलेली माती, तिथल्याच डोंगरातली, शंभरावर टप्पे असतात एका वाटीला आणि प्रत्येक टप्प्याचा कारागीर वेगळा. त्यामुळे एकाचं घर पडलं की दहा जणांचं काम अडतं. बाई त्या शनिवारी क्लासला आल्या, काही बोलल्या नाहीत, सगळ्यांचे ब्रश स्वतः धुतले.

वाटीवाली

सात महिन्यांनी धागा वर काढतेय, राग मानू नका.

जाईची फुलं उजळली. पांढरी नाही म्हणता येणार, पण चहातून ताकाकडे नक्की आलीयेत. ज्या पाकळीला आर्द्रता जास्त लागली होती ती मात्र अजून मळकटच आहे, रंगीत उरुशी घाईनं घट्ट केली की काळवंडते म्हणतात ते खरं.

नेच्याच्या वाटीत रविवारी आमटी घेतली. कढत, तीच चिंचगुळाची. कढीपत्ता मुद्दाम घातला नव्हता, म्हणजे काही वर आलं तर लगेच कळावं. पूर्ण वाटी संपवली, मग अजून अर्धी घेतली. नेचा जागेवर. एका टोकाला सोनं थोडं विरळ झालंय, तिथे खालचा लाल दिसतो, चमचा नेहमी तिथेच लागतो माझा.

पुणेरी_भट्टी

माझ्या सहा वाट्यांतल्या चार सुरकुतल्या. बाकी दोन मुरोत आहेत. पुरळ उजव्या हाताला.

टोचणी

आमटीची पाकृ टाका.